चार जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर सायबरपंक 2077: एका लॅपटॉपची तपासणी

लॅपटॉपच्या मालकाचा प्रश्न एका ओळीचा होता: यावर सायबरपंक 2077 हा गेम चालेल का? सोबत दिलेली माहितीही तेवढीच त्रोटक. आय5 प्रोसेसर, 8 जीबी रॅम, 4 जीबीचं जीटीएक्स 1650 कार्ड, एसएसडी, 64-बिट विंडोज 10. त्याआधी दोन ठिकाणी चौकशी झालेली होती आणि दोन्हीकडून उलट उत्तरं आली होती. एका जुन्या यादीशी ताडून पाहिलं तर लॅपटॉप सगळ्या ओळींमध्ये पास होत होता. आपोआप तपासणाऱ्या एका टूलने मात्र तीन ओळी लाल करून ‘नाही’ म्हणून सांगितलं होतं.

अशा प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर दिलं तर ते बहुतेक वेळा चुकतं, कारण गरजांच्या यादीतल्या सगळ्या ओळी एकाच जातीच्या नसतात. काही ओळी अडवणाऱ्या असतात: ती अट पुरी झाली नाही तर गेम सुरूच होत नाही. काही मंदावणाऱ्या असतात: गेम सुरू होतो, पण फ्रेम, म्हणजे पडद्यावर सेकंदाला उमटणारी चित्रं, कमी मिळतात. आणि काही ओळी अशा, की आज नापास असल्या तरी एक सुटा भाग बसवला किंवा थोडी आवराआवर केली की पास होतात. कुठली ओळ कुठल्या जातीची हे ओळखणं हीच खरी तपासणी.

आधी यादी कुठली ते ठरवा

सायबरपंक 2077 आला 10 डिसेंबर 2020 ला. तेव्हाच्या किमान गरजा होत्या कोअर आय5-3570के प्रोसेसर, 3 जीबीचं जीटीएक्स 780 कार्ड, 8 जीबी रॅम आणि 70 जीबी जागा. साधी हार्ड डिस्कही चालत होती, एसएसडीची फक्त शिफारस होती. सप्टेंबर 2023 मध्ये 2.0 हे मोठं अपडेट आलं आणि त्याच्या निमित्ताने यादी बदलली. नवी किमान यादी अशी: कोअर आय7-6700 किंवा रायझन 5 1600, 6 जीबीचं जीटीएक्स 1060 किंवा 8 जीबीचं आरएक्स 580, 12 जीबी रॅम, 70 जीबी जागा आणि तीही एसएसडीवर. एवढं असलं की 1080पी (1920 बाय 1080 पिक्सेल) वर, लो सेटिंगला, 30 फ्रेम मिळाव्यात असा बनवणाऱ्यांचा हिशोब आहे. हाय सेटिंगला 60 फ्रेम हव्या असतील तर शिफारशीची यादी थेट आय7-12700 आणि आरटीएक्स 2060 सुपर किंवा आरएक्स 5700 एक्सटी पर्यंत जाते, रॅम 16 जीबी.

जुनी यादी आजही जागोजागी तशीच पडून आहे. म्हणून पहिली गोष्ट ही, की गरजा गेम विकणाऱ्या अधिकृत पानावरूनच घ्यायच्या आणि त्या किती रिझोल्यूशनला, कुठल्या सेटिंगला, किती फ्रेमसाठी सांगितल्या आहेत तेही वाचायचं. ‘किमान’ या शब्दाचा अर्थ दर गेममध्ये वेगळा असतो. कुणी 30 फ्रेम धरतं, कुणी 60, आणि कुणी आधीच अपस्केलिंग (लहान चित्र रंगवून ताणून मोठं करणं) चालू आहे असं गृहीत धरून आकडा देतं.

लॅपटॉपमध्ये खरंच काय आहे

मालकाने सांगितलेल्या माहितीत एकही गोष्ट खोटी नव्हती, पण निर्णय घ्यायला त्यातली एकही पुरेशी नव्हती. ‘आय5’ म्हटलं की पिढी कळत नाही, ‘8 जीबी’ म्हटलं की पट्ट्या किती ते कळत नाही, ‘एसएसडी’ म्हटलं की मोकळी जागा कळत नाही.

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून डीएक्सडायग (dxdiag, विंडोजमधलं माहिती दाखवणारं साधन) लिहिलं की पहिल्या पानावर प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. इथे ते निघालं कोअर आय5-10300एच. त्याच पानावर तळाशी ‘डायरेक्टएक्स 12’ (गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारी विंडोजची प्रणाली) असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून बरेच जण निर्धास्त होतात. ती ओळ फक्त विंडोजबद्दल सांगते. कार्डाला काय जमतं ते ग्राफिक्सच्या पानावर, ‘फीचर लेव्हल्स’ या ओळीत असतं. एखाद्या जुन्या कार्डाच्या संगणकावरही पहिल्या पानावर डायरेक्टएक्स 12 दिसेल, पण फीचर लेव्हल 11_0 वरच थांबलेली असेल, आणि फीचर लेव्हल 12_0 मागणारा गेम तिथे उघडणारच नाही. ही अडवणारी ओळ. या लॅपटॉपच्या जीटीएक्स 1650 ला 12_1 होती, म्हणजे दार उघडं होतं.

याच खिडकीत आणखी दोन ठिकाणी फसगत होते. अशा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात: प्रोसेसरमधली इंटेलची आणि वेगळी एनव्हिडियाची. स्क्रीन इंटेलच्या चिपला जोडलेली असल्यामुळे ‘डिस्प्ले’च्या पानावर तिचंच नाव आणि 128 एमबीसारखा किरकोळ आकडा दिसतो. एनव्हिडियाचं कार्ड शेजारच्या ‘रेंडर’ पानावर असतं. आपोआप तपासणारी काही टूल्स इथेच चुकतात आणि इंटेलची चिप पकडून नापास करतात. दुसरी फसगत याच्या उलट. ‘रेंडर’च्या पानावर ‘अ‍ॅप्रॉक्स. टोटल मेमरी’ पुढे जवळजवळ 8 जीबी दिसत होते. मालकाने तोच आकडा कार्डाची मेमरी समजून ‘6 जीबी लागतात, आपल्याकडे 8 आहेत’ असा निष्कर्ष काढला होता. तो आकडा बेरजेचा असतो: कार्डावरची स्वतःची मेमरी, अधिक वेळ पडल्यास रॅममधून उसनी घेता येईल ती. विंडोज साधारण निम्मी रॅम अशा उसनवारीसाठी दाखवते. त्याखालची ‘डिस्प्ले मेमरी’ची ओळ खरी, आणि ती 4 जीबीच्या जरा आतच होती.

बाकीचं टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर मिळतं. मेमरीवर क्लिक केल्यावर ‘स्लॉट्स यूज्ड: 1 ऑफ 2’ आणि ‘फॉर्म फॅक्टर: एसओडीआयएमएम’ असं आलं. ही चांगली बातमी. फॉर्म फॅक्टरच्या जागी ‘रो ऑफ चिप्स’ असं असतं तर ती रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली समजायची, ती बदलता येत नाही. डिस्कच्या पानावर दोन डिस्क होत्या. 256 जीबीची एसएसडी, जी विंडोजच्या मोजणीत 238 जीबी दिसते, आणि 1 टीबीची साधी हार्ड डिस्क. एसएसडीवर मोकळी जागा 41 जीबी. म्हणजे ‘एसएसडी आहे’ हे खरं असलं तरी गेम जागा बघून हार्ड डिस्कवरच उतरवला गेला असता.

प्रोसेसर

यादीतला आय7-6700 हा 2015 चा डेस्कटॉप प्रोसेसर. चार कोअर, आठ थ्रेड, कमाल 4.0 गिगाहर्ट्झ, 8 एमबी एल3 कॅश. आय5-10300एच हा 2020 चा, लॅपटॉपचा. चार कोअर, आठ थ्रेड, कमाल 4.5 गिगाहर्ट्झ, कॅश तितकीच. एरवी गिगाहर्ट्झवरून दोन प्रोसेसरची तुलना करू नये, पण इथे ती चालते, कारण दोघांच्या कोअरची मूळ रचना एकच, स्कायलेकची. नावातल्या आय5 आणि आय7 ला इथे काही अर्थ उरत नाही.

अट एकच: लॅपटॉप तो वेग टिकवतो का. 4.5 हा आकडा काही क्षणांचा असतो. ही चिप 45 वॅटच्या हिशोबाने बनवलेली आहे आणि ग्राफिक्स कार्डही त्याच पंख्यांवर तापत असतं. वीसेक मिनिटं जड काम चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये वेग पाहायचा. तो तीनच्या वर स्थिर राहिला तर ठीक. घसरत जाऊन अडीचच्या खाली जात असेल आणि तापमान शंभर अंशांच्या जवळ टेकत असेल, तर प्रोसेसर यादीत पास असूनही प्रत्यक्षात नापास होईल. उपाय बहुतेक वेळा पंख्यातली धूळ काढणं आणि थर्मल पेस्ट बदलणं एवढाच असतो. शिवाय चार्जर लावलेलाच हवा. बॅटरीवर प्रोसेसर आणि कार्ड दोघांचाही वीजपुरवठा आवळला जातो, तेव्हा घेतलेलं माप फेकून द्यावं.

रॅम

इथे 8 जीबी आहेत, लागतात 12. ब्राउझर बंद करून, नुसतं विंडोज आणि गेमचा लाँचर चालू असताना तीन ते साडेतीन जीबी आधीच खर्च होते. उरलेल्या चारेक जीबीत हा गेम मावत नाही. तो सुरू होतो, कारण विंडोज कमी पडलेली मेमरी डिस्कवरच्या पेज फाइलमधून पुरवते. टास्क मॅनेजरमध्ये ‘कमिटेड’ या शब्दाखाली दोन आकडे असतात, मागितलेली मेमरी आणि मर्यादा. पहिला आकडा दुसऱ्याला भिडला की गेम कुठलीही सूचना न देता बंद पडतो. ज्यांनी जागा वाचवण्यासाठी पेज फाइल बंद करून ठेवलेली असते त्यांच्याकडे हे हमखास होतं आणि दोष मात्र कार्डाला दिला जातो.

ही ओळ दुरुस्त होणारी आहे. रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी एक 8 जीबीची डीडीआर4 एसओडीआयएमएम पट्टी बसवली की 16 होतात. 3200 वेगाची पट्टी घेतली तरी चालते, या प्रोसेसरवर ती 2933 ने धावते. आणखी एक फायदा असा, की एकटी पट्टी 2933 वेगाला सेकंदाला साधारण 23 जीबी डेटा देऊ शकते, जोडीने त्याच्या दुप्पट. चार जीबीच्या कार्डाला रॅमची उसनवारी करावी लागणार असल्यामुळे या लॅपटॉपवर तो फरक विशेष महत्त्वाचा. म्हणून 8 काढून 16 ची एकच पट्टी लावण्यापेक्षा 8 आणि 8 अशी जोडी सरस.

पट्टी बसवताना चार्जर काढावा, बॅटरीची वायर सोडवावी, पट्टी तिरकी घालून टक् आवाज होईपर्यंत खाली दाबावी. पहिल्या वेळी सुरू करताना स्क्रीन मिनिटभर काळीच राहू शकते. नव्या जोडीशी जुळवून घ्यायला बोर्डाला तेवढा वेळ लागतो, तेव्हा घाबरून लगेच बंद करू नये. नंतर सीपीयू-झेड या तपासणीच्या प्रोग्रामच्या मेमरी पानावर चॅनल ‘ड्युअल’ किंवा ‘2 x 64-बिट’ दिसतो का ते पाहायचं. सिंगलच दिसत असेल तर बहुधा पट्टी नीट बसलेली नाही.

डिस्क

70 जीबी हा गेमचा आकार आहे, लागणारी एकूण जागा नव्हे. मोठं अपडेट येतं तेव्हा जुन्या फाइलींच्या शेजारी नव्या फाइली तयार होतात आणि काही काळ दोन्ही डिस्कवर असतात. त्यात एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेग पडतो, आणि पेज फाइलही तिथेच असते. म्हणून या लॅपटॉपवर लक्ष्य ठरलं 110 जीबी मोकळे करण्याचं. व्हिडिओ, जुने डाउनलोड आणि न खेळले जाणारे दोन गेम हार्ड डिस्कवर हलवून ते जमलं, खर्च काहीच नाही.

हार्ड डिस्कवर ठेवून बघू, असं पुष्कळांना वाटतं. सुरू होईल. पण या गेमचं शहर एकसंध आहे, गाडी जसजशी पुढे जाते तसतशी पुढची गल्ली डिस्कवरून वाचली जाते. साधी हार्ड डिस्क तुकड्या-तुकड्यांचं वाचन सावकाश करते. मग इमारतींच्या भिंती मेणासारख्या दिसतात, रस्त्यावरची माणसं उशिरा उगवतात, आणि वेगात वळण घेतलं की सगळंच क्षणभर थिजतं. सेटिंग लो केल्याने यात फरक पडत नाही, कारण अडचण कार्डाची नसतेच.

ग्राफिक्स कार्ड: खरा प्रश्न इथे

1650 हा आकडा 1060 पेक्षा मोठा आहे, म्हणून कार्डही वरचं, असा समज सर्रास आढळतो. या नावांत पहिले दोन आकडे पिढीचे आणि पुढचे दोन दर्जाचे. 1060 मधला ‘60’ हा ‘50’ च्या वरचा दर्जा. जीटीएक्स 1060 च्या 6 जीबी आवृत्तीत 1280 कोअर आहेत आणि मेमरी सेकंदाला 192 जीबी डेटा देते. लॅपटॉपच्या जीटीएक्स 1650 मध्ये 1024 कोअर आहेत. याची मेमरी दोन प्रकारची येते: जीडीडीआर5 असेल तर सेकंदाला 128 जीबी, जीडीडीआर6 असेल तर त्याहून बरीच जास्त. कुठली आहे ते जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये ‘मेमरी टाइप’पुढे दिसतं. त्यातच मॅक्स-क्यू नावाची 35 वॅटच्या आसपास चालणारी आवृत्तीही आहे, नेहमीची 50 वॅटची. एकाच नावाखाली इतकं वेगवेगळं सामान विकलं जातं की कार्डाच्या नावावरून दुसऱ्या कुणाच्या लॅपटॉपवरचा व्हिडिओ बघून निर्णय घेणं धोक्याचं आहे. इथे जीडीडीआर5 आणि 50 वॅट निघालं.

वेगात कार्ड किमान यादीच्या खाली आहे, पण ही ओळ मंदावणारी. मेमरी कमी असण्याचा परिणाम मात्र वेगळा. 6 जीबीऐवजी 4 जीबी असताना गेम सुरू होतो, आणि कार्डावर न मावलेला डेटा पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने रॅममध्ये ठेवला जातो. ती वाट कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या कित्येक पट अरुंद, फार तर सेकंदाला 16 जीबी. त्यामुळे सरासरी फ्रेम ठीक दिसतात आणि तरीही मान वळवली की झटका बसतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ 3.8 च्या पुढे जाऊन अडकली आणि त्याखालची ‘शेअर्ड’ चढू लागली, की हेच चाललं आहे असं समजावं.

यावर सगळ्यात प्रभावी सेटिंग एकच: टेक्श्चर क्वालिटी, म्हणजे भिंती-कपड्यांसारख्या पृष्ठभागांची बारकाई. ती या गेममध्ये खेळ चालू असताना बदलता येत नाही, मुख्य मेनूतूनच बदलावी लागते, आणि म्हणूनच अनेकांना ती सापडत नाही. ती लो वर आणल्यावर मेमरीवरचा ताण उतरतो. ‘क्राउड डेन्सिटी’, म्हणजे रस्त्यावरची गर्दी, ही दुसरी. तिचा संबंध कार्डाशी कमी आणि प्रोसेसरशी जास्त, चार कोअरवर तीही लो ठेवणं बरं.

जीटीएक्स 1650 मध्ये टेन्सर कोअर नाहीत, म्हणून डीएलएसएस हे एनव्हिडियाचं अपस्केलिंग चालत नाही. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या आणि प्रतिबिंबं रंगवणं) विसरायचं. एएमडीचं अपस्केलिंग, एफएसआर, मात्र एनव्हिडियाच्या कार्डावरही चालतं आणि या प्रकरणात तोच मोठा आधार. 1080पी वर ‘क्वालिटी’ निवडलं की गेम आतून 1280 बाय 720 मध्ये रंगवला जातो आणि मग ताणून मोठा केला जातो. पिक्सेलच्या हिशोबात हे मूळ कामाच्या 44 टक्के. ‘परफॉर्मन्स’ निवडलं तर आतलं चित्र 960 बाय 540 वर येतं. फ्रेम वाढतात, पण दूरच्या तारा आणि जाळ्या झिलमिलायला लागतात. पंधरा इंची पडद्यावर क्वालिटी किंवा बॅलन्स्डपर्यंत जावं, त्याच्या खाली जाण्यापेक्षा फ्रेमची अपेक्षा कमी करावी असं आमचं मत.

हाच लॅपटॉप दुसऱ्या गेमसाठी तपासला असता तर उत्तर याच ओळीवर संपलं असतं. डूम: द डार्क एजेस हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय चालत नाही, तिथे जीटीएक्स मालिकेचं कुठलंही कार्ड दारातच थांबतं. विंडोज 11 वर व्हॅलोरंट टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो, तिथे कार्ड कितीही चांगलं असून उपयोग नाही. सायबरपंकमध्ये असली अडवणारी अट या लॅपटॉपला लागू होत नव्हती.

मोजून पाहणं

गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्येच बेंचमार्क (वेग मोजणारी ठरावीक चाचणी) आहे, मुख्य मेनूतून चालवता येतो. कथा सुरू करायची गरज नाही. स्टीमवर घेतला असेल तर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असताना पैसे परत मागता येतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: रॅम, डिस्क आणि ड्रायव्हरची तयारी आधी, खरेदी नंतर. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्सच्या पानावर गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ नेमून द्यायचं, म्हणजे तो चुकून इंटेलच्या चिपवर जाणार नाही.

बेंचमार्क दोनदा चालवायचा. एकदा 1080पी, सगळं लो, एफएसआर बंद. मग तेच एफएसआर परफॉर्मन्सवर. दुसऱ्या वेळी फ्रेम ठळक वाढल्या तर अडथळा कार्डाचा आहे आणि सेटिंगने तो हलवता येईल. काहीच वाढल्या नाहीत तर प्रोसेसर किंवा रॅम अडवते आहे, मग चित्र कितीही बारीक करा, उपयोग नाही. सरासरीपेक्षा किमान फ्रेमकडे लक्ष द्यावं. सरासरी 40 आणि किमान 14 यापेक्षा सरासरी 33 आणि किमान 27 हे खेळायला कितीतरी सुखाचं.

या जोडणीकडून धरायची अपेक्षा अशी: एफएसआर बंद असताना तिशीच्या अलीकडे-पलीकडे, एफएसआर क्वालिटीवर त्याच्या बऱ्यापैकी वर, पण 60 नाही. तेव्हा फ्रेमची मर्यादा 30 वर बांधून टाकावी. प्रत्येक फ्रेम 33 मिलिसेकंदांनी ठरल्या वेळी येते, कार्डाला उसंत मिळते आणि लॅपटॉप कमी तापतो. 25 ते 45 मध्ये हिंदकळणाऱ्या फ्रेमपेक्षा स्थिर 30 डोळ्यांना बरी.

मालकाला दिलेलं उत्तर असं. रॅमची दुसरी पट्टी बसवून आणि एसएसडीवर जागा करून मूळ गेम 1080पी, लो, एफएसआर क्वालिटी, 30 फ्रेमला खेळता येईल. पट्टी बसवायची नसेल तर घेऊ नये. फँटम लिबर्टी या विस्ताराबद्दल होकार दिलेला नाही: त्यातला डॉगटाउनचा भाग मूळ शहरापेक्षा जड आहे, आणि बेंचमार्कची फेरी त्या भागातून जात नाही. मूळ गेम खेळताना गर्दीच्या बाजारात किमान फ्रेम 27 च्या वर टिकतात का ते पाहून मगच तो विकत घ्यावा.